बा, मित्रा, आशालता

१९८१ साली रोहिणी हट्टंगडी यांनी दोन बायका उभ्या केल्या. पहिली कस्तुरबा. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’चं चित्रीकरण नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू झालं आणि मे १९८१ मध्ये संपलं. दुसरी मित्रा. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ विनय आपटे यांनी त्याच वर्षी रंगमंचावर आणलं. स्वातंत्र्याच्या आधीच्या काळातल्या कॉलेजात शिकणारी ही मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते आणि त्याची किंमत जिवाने मोजते. मराठी नाटकात तोवर असं पात्र मध्यभागी येऊन बोललेलं नव्हतं. एकीला देश ‘बा’ म्हणतो, दुसरीला तिच्या काळाने नाव द्यायलाही नकार दिला. तिशीच्या उंबरठ्यावर असताना ज्या नटीने या दोघी वर्षभरात पचवल्या, तिच्या पुढच्या कारकिर्दीकडे आपण जरा नीट बघायला हवं होतं. ते पुरेसं झालेलं नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात त्यांच्या दोन ओळखी आहेत. सेवाग्राम बघायला आलेला परगावचा माणूस बा कुटीपाशी उभा राहून ‘गांधी’ सिनेमातल्या कस्तुरबांची आठवण काढतो. देवळी, सेलू, आर्वीकडच्या घरांतल्या बायकांना मात्र त्या आठवतात ‘चार दिवस सासूचे’मुळे. पहिली ओळख मिरवली जाते. दुसरी सांगताना माणसं थोडी ओशाळतात, मालिका बघत होतो हे कबूल करायला नको वाटतं. मला यात ओशाळण्यासारखं काही दिसत नाही. उलट माझं म्हणणं असं, की त्यांच्यातल्या नटीची खरी कसोटी ‘गांधी’साठी मिळालेल्या ब्रिटिश बाफ्टा पुरस्काराच्या मंचावर लागली नाही, ती लागली रोज संध्याकाळी लागणाऱ्या त्या मालिकेत. अकरा वर्षं रोज एकच बाई करायची आणि ती शिळी होऊ द्यायची नाही, हे काम जगात फार थोड्या नटांच्या वाट्याला येतं.

माहेरच्या त्या ओक, पुण्याच्या. १९७१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या. इब्राहिम अल्काझींचं विद्यालय ते. तिथे झाडू मारण्यापासून नेपथ्य ठोकण्यापर्यंत सगळं विद्यार्थ्यांनी करायचं, वेळेच्या आधी हजर राहायचं आणि संहिता तोंडपाठ असल्याशिवाय तालमीला उभं राहायचं नाही, अशी तिथली शिस्त. त्यांच्याच तुकडीत जयदेव हट्टंगडी होते. पुढे दोघांनी लग्न केलं. या विद्यालयात रोहिणीताईंनी केलेल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. शोझो सातो या जपानी दिग्दर्शकाने बसवलेलं ‘इबारागी’ हे काबुकी त्यांनी केलं, आणि शिवराम कारंतांच्या हाताखाली ‘भीष्मविजय’ हे यक्षगान केलं. काबुकी काय किंवा यक्षगान काय, परंपरेने दोन्ही पुरुषांचे प्रांत. स्त्रीची भूमिकासुद्धा तिथे पुरुषच करत आलेले. अशा शैलींत मान किती अंशात वळवायची, पाऊल कुठे टाकायचं, डोळा कधी फिरवायचा, हे सगळं ठरलेलं असतं. भावना मागाहून येते, आधी शरीर तयार लागतं. ज्या नटाला हे लवकर कळतं, त्याला वय लपवावंही लागत नाही आणि चढवावंही लागत नाही. तो गुडघ्यातून म्हातारा होतो.

१९७४ मध्ये शिक्षण संपवून दोघं मुंबईला आली. छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक रंगभूमीच्या चळवळीचा तो बहराचा काळ. लोर्काच्या ‘येर्मा’वरून आरती हवालदारांनी केलेलं ‘चांगुणा’ जयदेवांनी बसवलं आणि त्यातली मूल न होणारी, आतून पेटलेली बाई रोहिणीताईंनी केली. पुढे ग्रीक ‘मीडिया’ केली, स्वतःची मुलं मारणारी. या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की पुढची सगळी वाट दिसते. हिंदी सिनेमाने त्यांना चाळीस वर्षं आई केलं. पण आईपणाची दोन भयंकर टोकं त्या नाटकात आधीच गाठून आल्या होत्या, म्हणून त्यांची कुठलीही आई नुसती सोशीक झाली नाही.

आता कस्तुरबांकडे येते. या भूमिकेसाठी स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांचाही विचार झाला होता. स्क्रीन टेस्ट लंडनला झाली. निवड झाल्यावर वजन कमी करायला सांगण्यात आलं, चरखा शिकावा लागला. तरुणपणापासून पंचाहत्तरीच्या उंबरठ्यापर्यंतचं आयुष्य एकाच नटीने करायचं होतं. दक्षिण आफ्रिकेतला तो प्रसंग आठवा. आश्रमातला संडास साफ करायला नकार देणाऱ्या बायकोला मोहनदास दंडाला धरून दारापर्यंत ओढत नेतो. रोहिणीताई तिथे आधी खवळतात, मग त्यांचा आवाज खाली येतो आणि त्या खालच्या आवाजात नवऱ्याला त्याच्या लाजेची आठवण करून देतात. बेन किंग्जली इतक्या मोठ्या भूमिकेत असूनही त्या क्षणी चित्र त्यांच्या हातून निसटतं. पुढे सप्तपदी पाहुण्या पत्रकाराला करून दाखवणारे म्हातारे नवरा-बायको येतात, तिथे त्या किंचित लाजतात. तेवढं लाजणं नसतं तर तो प्रसंग शाळेच्या स्नेहसंमेलनातला झाला असता.

आमच्या जिल्ह्यातली बांची वर्षं मात्र त्या तीन तासांत फारशी आलेली नाहीत. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावला आले. त्या गावाचं सेवाग्राम हे नाव १९४० मधलं. सुरुवातीला सगळे आदि निवासात. एकच मोठी खोली, तिच्यात गांधीजी, बा, बाकीचे आश्रमवासी, येणारे-जाणारे पुढारी. साठी उलटलेल्या बाईला अंग टेकायला स्वतंत्र कोपरा नव्हता. ही अडचण जमनालाल बजाज यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधून दिली. आज बा कुटी बघायला गेलात तर आत रेंगाळण्याइतकं काही नाही. मातीच्या भिंती, वर कवेलू, शेणाने सारवलेली जमीन, छोटी पडवी. बापू कुटीसमोर गर्दी असते. तिथे गांधीजींच्या वस्तू आहेत, दाखवायला पुष्कळ आहे. बा कुटीसमोर लोक एखादा मिनिट थांबतात आणि पुढे जातात. आवारात बापूंनी लावलेला पिंपळ आहे, बांनी लावलेली बकुळ आहे. पिंपळाखाली फोटो जास्त निघतात.

पण या कुटीत राहणारी बाई घरकोंबडी नव्हती. १९३९ मध्ये, सत्तरीला टेकलेल्या असताना, त्या राजकोटच्या सत्याग्रहात गेल्या आणि तुरुंगात पडल्या. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला तो वर्ध्यातच, आणि ९ ऑगस्टला गांधीजींना पकडल्यावर त्यांच्या जागी शिवाजी पार्कवर भाषण करायला निघालेल्या बांनाही पकडलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्यात, आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्या गेल्या. ही माहिती घेऊन सिनेमा पुन्हा पाहिला, की रोहिणीताईंच्या कस्तुरबांत एक गोष्ट ठळक दिसते. ती बाई नवऱ्याच्या मागे चालते खरी, पण मागे चालताना तिची मान खाली नसते. पटकथेत बांना वाक्यं थोडी आहेत. ती मान नटीची आहे.

१९८३ मध्ये बाफ्टाचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, ‘रेड्स’साठी मॉरिन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. पुण्याच्या ओकांची मुलगी ब्रिटिश अकादमीच्या पुरस्कारापर्यंत पोचली. एवढ्या उंचीवर गेलेल्या तिशीतल्या नटीला त्यानंतर आपल्याकडे काय मिळावं? मिळाल्या म्हाताऱ्या.

‘सारांश’ १९८४ चा. अमेरिकेत लुटारूंच्या हातून मेलेल्या तरुण मुलाचे आईबाप शिवाजी पार्कच्या घरात राहतात. अनुपम खेर तेव्हा तिशीच्या आतले होते आणि त्यांच्या टकलाचं, वय चढवण्याचं कौतुक आजही होतं. ते व्हायलाच हवं. पण त्याच घरात, जवळपास त्याच वयाची एक बाई पार्वती प्रधान होऊन वावरत होती आणि तिच्या म्हातारपणाबद्दल कुणी आश्चर्य व्यक्त केलं नाही. बाईचं म्हातारं दिसणं हे अभिनय म्हणून मोजायची आपल्याला सवयच नव्हती. मुलाचा पुनर्जन्म होणार या आशेला चिकटलेली ती आई तर्काने बोलणाऱ्या नवऱ्यासमोर वेडी वाटू शकली असती. रोहिणीताईंनी तिला वेडी होऊ दिलं नाही.

त्याआधी ‘अर्थ’ आला होता. त्यातली धुणंभांडी करणारी बाई, लेकीच्या शिक्षणासाठी पै-पै साठवणारी, ते पैसे नवऱ्याने उडवल्यावर त्याचा जीव घेणारी. फिल्मफेअर मिळालं. पुढे ‘अग्निपथ’साठी दुसऱ्यांदा मिळालं. त्यात ज्या अमिताभ बच्चन यांच्या त्या आई झाल्या, ते वयाने त्यांच्याहून मोठे. ‘चालबाज’मधली छळवादी काकू, ‘मुन्नाभाई’ची आई, तेलुगूत अक्किनेनी नागेश्वर राव यांच्यासोबतचा ‘सीतारामय्यगारी मनवरालु’, मल्याळम सिनेमे. यादी लांब आहे आणि सगळीच कामं सारख्या वजनाची नाहीत.

‘पार्टी’वर मात्र थांबायला हवं, कारण त्याची मुळं आमच्या विदर्भात आहेत. महेश एलकुंचवारांचं नाटक, गोविंद निहलानींचा सिनेमा. साहित्य-नाट्य वर्तुळातल्या बड्या लोकांची एक रात्र. यशस्वी नाटककाराची बायको मोहिनी रोहिणीताईंनी केली. एकेकाळची नटी, आता नवऱ्याच्या नावाखाली झाकली गेलेली आणि दारूच्या आधाराने संध्याकाळ ढकलणारी. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या भूमिकेला. नटीने नटी करायची, तीही काम नसलेली. पडद्यावर दारू प्यायलेली बाई करताना बहुतेक जणी झोकांड्या खातात. रोहिणीताईंची मोहिनी सरळ उभी राहायचा प्रयत्न करते, शब्द नीट उच्चारायचा प्रयत्न करते, आणि तो प्रयत्न आपल्याला दिसतो. विदर्भातली नाट्यवेडी माणसं एलकुंचवारांच्याच वाडा त्रयीचे प्रयोग आठवून हळवी होतात. त्यांनी हे कामही त्याच फळीवर ठेवावं असं मला वाटतं.

नोव्हेंबर २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. जानेवारी २०१३ मध्ये संपली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. आशालता देशमुख ही श्रीमंत घरातली करारी सासू रोहिणीताईंची, अनुराधा ही सून कविता लाड यांची. बाफ्टा मिळवलेली, पुढे २००४ मध्ये नाटकासाठी संगीत नाटक अकादमीने गौरवलेली नटी रोज संध्याकाळी घराघरांत सासू होऊन येऊ लागली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्या मंडळींत हळहळ व्यक्त झाली. मी त्या हळहळीत कधी सामील झाले नाही.

त्या वर्षांत वर्धा जिल्ह्यात काय चाललं होतं ते आठवावं लागेल. कापसाला भाव नव्हता. शेतकरी मरत होते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहांत आम्ही होतो. त्या दौऱ्यात ते आमच्या वायफडलाही येऊन गेले. भारनियमनाने रात्रीचे तास खाल्ले होते. वावरातून परतलेली बाई चूल पेटवायची, लाइन असली तर टीव्ही लावायची, आणि रात्रीचा भाग बुडाला तर दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रसारण कुणी पाहिलं याची चौकशी विहिरीवर, नळावर व्हायची. नाटकाचे दौरे नागपूरपर्यंत यायचे. तिथून पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या वर्ध्याला येतीलच असं नाही, आणि हिंगणघाट-आर्वीची तर बातच सोडा. अल्काझींच्या तालमीत घडलेली नटी आमच्या खेड्यातल्या बाईला बघायला मिळाली ती याच एका दाराने. तिकिटाशिवाय, रोज.

मालिकेत दोष होते आणि ते लहान नव्हते. गोष्ट ताणली जायची, संपलेलं भांडण पुन्हा उकरलं जायचं. कुणी काही बोललं की धाडकन संगीत आणि मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा. घरातले सगळे झोपतानाही जरीच्या साडीत. आमच्यासारखं बोलणारं त्या घरात कुणी नव्हतं. वऱ्हाडी बोली यायचीच तर ती नोकराच्या किंवा विनोदी पाहुण्याच्या तोंडी, असं मराठी मालिकांत वर्षानुवर्षं चालत आलं आहे आणि त्याचा मला राग आहे.

पण या सगळ्या गोंगाटात आशालता देशमुखकडे बघा. कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर येतो तेव्हा तिसऱ्यांदाही काहीतरी दाखवायला लागतं. बहुतेक नट पहिल्याच वेळी भुवया उंचावून मोकळे होतात. रोहिणीताई पहिल्या वेळी काहीच करत नसत. दुसऱ्या वेळी नजर किंचित बाजूला जायची. तिसऱ्या वेळी ती परत सुनेवर यायची आणि निर्णय झालेला असायचा. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेल्या नटीने इथे आवाज उलट कमी कमी करत नेला. घरातली सत्ता जिच्याकडे आहे ती बाई ओरडत नाही, हे आमच्या गावातल्या बायकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी अशा सासवा घरातच पाहिल्या होत्या.

रोजच्या मालिकेचं काम कसं चालतं हे बाहेरच्याला सहसा ठाऊक नसतं. महिन्यातले वीस-बावीस दिवस चित्रीकरण, दिवसाला बारा-तेरा तास. कागद सेटवर येतात, कधी शॉटच्या थोडं आधी. एकाच दिवशी तीन वेगळ्या भागांतले प्रसंग उरकायचे, कारण दिवाणखान्याचा लाइट लागलेला आहे तर दिवाणखान्यातलं सगळं एकदम संपवायचं. सकाळी सुनेला हाकलायचं, दुपारी तिच्या डोहाळजेवणात हसायचं, संध्याकाळी मधल्या भागातला संशय. साडी कुठली होती, टिकली कुठली होती हे कंटिन्युइटीवाला लिहून ठेवतो. मन कुठल्या पायरीवर होतं हे नटाने स्वतःच लक्षात ठेवायचं. आठवड्याला टीआरपीचा आकडा येतो आणि गोष्ट त्याप्रमाणे वळते. परवाची खलनायिका पुढच्या महिन्यात देवता होते. अशा वेळी पात्र हातात टिकवायचं तर लेखकाने काहीही लिहिलं तरी ही बाई हे असंच करेल, अशी एक कणखर ओळख नटाने आतून बांधून ठेवावी लागते. तिथे नाट्य विद्यालयात शिकलेली शिस्त कामाला येते. प्रतिभेचे झटके अकरा वर्षं पुरत नाहीत.

याच काळात, डिसेंबर २००८ मध्ये, जयदेव हट्टंगडी गेले. सहाध्यायी, नवरा, दिग्दर्शक. चांगुणा आणि मीडिया ज्याच्या नजरेखाली घडल्या तो माणूस. त्यांनीच रोहिणीताईंसाठी ‘अपराजिता’ हे एकपात्री नाटक बसवलं होतं. मूळ नीतीश सेन यांचं बंगाली, एकेकाळी तृप्ती मित्रांनी गाजवलेलं. रंगमंचावर एकटी नटी, आणि तिच्या अंगातून एकेक करून येणारी बाकीची माणसं. ते रोहिणीताईंनी मराठीतही केलं, हिंदीतही केलं. मालिकेत पन्नास माणसांच्या घोळक्यात उभ्या राहणाऱ्या नटीची ताकद ज्याला मोजायची आहे, त्याने हे नाटक डोळ्यांसमोर आणावं.

दुसऱ्या देशांत या कामाला मान कसा मिळतो ते पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात ‘नेबर्स’ ही मालिका १९८५ मध्ये सुरू झाली. अ‍ॅन हॅडी ही रंगभूमीवरची अनुभवी नटी तिच्यात हेलन डॅनियल्स नावाची आजी झाली आणि १९९७ पर्यंत ती आजी करत राहिली. इंग्लंडमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ डिसेंबर १९६० पासून चालू आहे आणि पहिल्या भागापासून त्यात असलेले विल्यम रोच त्यांच्या देशात संस्थेसारखे मानले जातात. त्यांच्याकडे या मालिकांवर पुस्तकं निघतात, विद्यापीठांत अभ्यास होतो. आपल्याकडे तीन हजार भाग केलेल्या भूमिकेवर एक धड लेख शोधावा लागतो. वर्ध्यात, पंचटेकडीवर, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथे नाट्य आणि चित्रपट शिकवतात. बा कुटी तिथून काही मैलांवर. ज्या नटीने बा केली तिच्याच आशालतेचा अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा, जिल्ह्यातल्या ज्या बायकांनी ती रोज पाहिली त्या अजून आहेत तोवर त्यांच्याशी बोलावं, असं मला मनापासून वाटतं. पाच-दहा वर्षांनी उशीर झालेला असेल.

‘चार दिवस सासूचे’ संपली त्याच वर्षी झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ आली. त्यात गोखल्यांच्या घरात सगळ्या बायका, आणि त्यांच्या शेंड्यावर रोहिणीताईंची आईआजी. आशालतेचा कणखरपणा ज्यांनी अकरा वर्षं पाहिला होता त्यांच्यासमोर लगेच दुसरी घरधनीण उभी करायची होती. तिला त्यांनी हसरी केली. नातसुनेकडे बघताना तिच्या डोळ्यांत आधी कुतूहल असायचं, अधिकार नंतर. चालणं बदललं, बसणं बदललं, पदर घेणं बदललं. प्रेक्षकांनी नवीन माणूस म्हणून तिला घरात घेतलं.

मग जून २०२३ अखेर केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि वर्षानुवर्षं साचलेली धुसफूस. वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब आणि सगळ्यांत मोठी बहीण रोहिणीताई. बायका घोळक्याने, साड्या नेसून, जिल्ह्या-जिल्ह्यांतून थिएटरात गेल्या आणि बाहेर येऊन फुगड्या घातल्या. मराठी सिनेमाला ते यश अनपेक्षित होतं. त्यातली जया कुणाची आई किंवा सासू म्हणून गोष्टीत आलेली नाही, ती स्वतःचा जुना राग घेऊन आली आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांसाठी रडलेल्या नटीला इथे स्वतःसाठी भांडायला मिळालं, आणि ते भांडण त्यांनी मुळीच सौम्य केलं नाही. तिथेही आवाज खालीच होता.